माळ्यावरची लेगोची क्रेन परत उभी करताय? आधी मोजा, मग धुवा

दिवाळीच्या आवराआवरीत दरवर्षी कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. यंदा इथल्याच, इंदूरच्या रामबागेतल्या आतेभावाचा आला, "अरे माझी क्रेन सापडली, ती पिवळी, मामांनी दुबईहून आणलेली, सगळं कढत साबणाच्या पाण्यात टाकलंय, आता पुढे काय करू?" म्हटलं आता काय करणार, चहा पी. जाऊन बघतो तर स्टिकर सुटून पाण्यावर तरंगतायत, मोटर तळाशी बसलीये, आणि मुळात डब्यात काय होतं नि काय नव्हतं हे आता देवालाच ठाऊक.

सगळ्यांचं हेच होतं. डबा सापडला की हात शिवशिवतात, त्याच रात्री क्रेन उभी बघायची असते, आणि मग शेवटी करायचं ते आधी होऊन बसतं. मीही केलंय, त्यामुळे बोलायचा हक्क आहे.

हे सगळं जुन्या बांधकामवाल्या सेटांसाठी आहे, म्हणजे क्रेन, बुलडोझर, डंपर, जेसीबी, साधारण १९७५ ते २००० मधले. घर-बंगल्याच्या सेटात नुसते ठोकळे असतात, धुतले की झालं. यात दोरा असतो, बिजागऱ्या असतात, रबरी टायर असतात, फिरती तबकडी असते, कधी मोटर आणि सेलचा डबा पण. प्रत्येकाचं पथ्य वेगळं.

वेळ चार-पाच संध्याकाळी आणि एक पूर्ण रविवार धरा. एका दिवसात होत नाही.

## आधी जमवायचं सामान

दोन जुन्या पांढऱ्या चादरी, पीठ चाळायची एक जुनी चाळणी (एकदा घेतली की परत स्वयंपाकघरात जाणार नाही हे घरात आधीच सांगून ठेवा), मऊ टूथब्रश दोन, जाळीची पिशवी, साधं भांडी घासायचं लिक्विड, खोडरबर, वही-पेन, मोबाईलचा टॉर्च. वाट्या जितक्या मिळतील तितक्या, आणि जुना मसाल्याचा डबा असेल तर सोन्याहून पिवळं, सात वाट्या आयत्या मिळतात. ठोकळे सोडवायची लेगोची चिमुकली पट्टी मिळते ती घ्या, महाग नसते.

जे आणायचं नाही ते पण सांगतो. थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, ॲसिड, तारेची घासणी. हे ठोकळे १९६३ पासून एबीएस नावाच्या प्लास्टिकचे बनतात आणि नेलपॉलिश रिमूव्हरमधलं ॲसिटोन एबीएसला अक्षरशः विरघळवतं. एक थेंब पडला तरी चकाकी गेलीच.

## पायरी १ : डबा उघडा, पालथा करू नका

चादर पसरा, डबा मध्ये ठेवा आणि वरून एकेक थर काढत जा. अर्धवट जोडलेलं जे काही निघेल, म्हणजे अर्धी केबिन, चाकं लागलेली चेसिस, क्रेनच्या हाताचा तुकडा, त्याचे चारही बाजूंनी फोटो काढा आणि तसंच बाजूला ठेवा, लगेच सोडवू नका. ही अर्धवट जोडणी म्हणजे पुरावा असतो, तीस वर्षांपूर्वी तुम्ही किंवा तुमच्या ताईने ती योग्य लावली होती, आणि पुढे पुस्तिका सापडली नाही तर हेच फोटो कामी येतात.

मी हे केलं नव्हतं. बुलडोझरचं फावडं ज्या बिजागरीवर होतं ती पूर्ण जोडणी मी पहिल्या पाच मिनिटांत मोकळी केली, आणि मग तीन संध्याकाळ तेच कोडं सोडवत बसलो.

मोठे तुकडे निघाले की तळाशी धूळ, केस, पेन्सिलीची साल, मेलेलं झुरळ असा सगळा गाळ उरतो. हा गाळ फेकू नका. आमच्या इंदूरला कचरा वेगळा करायची इतकी सवय लागलीये की हात आपोआप सुक्या कचऱ्याच्या डब्याकडे जातो, आणि सकाळी गाडी गाणं वाजवत आली की संपलं. आमच्या आईने असाच "हा कचरा काढून टाकते रे" म्हणून उचलला होता, मी गॅलरीत धावलो म्हणून वाचला. चाळणीतून चाळल्यावर त्यातून क्रेनचा हूक, दोन हेडलाइटचे पिटुकले तुकडे आणि एका मजुराचं हेल्मेट निघालं. हेच तुकडे नंतर बाहेरून मागवायला जीव नकोसा होतो.

तपासा : गाळ चाळून झाला? अर्धवट जोडण्यांचे फोटो झाले? डबा रिकामा करून त्याच्या घड्यांत, खोक्याच्या कागदी फ्लॅपमध्ये बोट घालून बघितलं?

## पायरी २ : सेट ओळखा, आणि पाणी लागायच्या आधी एकदा मोजा

खोक्यावर किंवा पुस्तिकेच्या कव्हरवर सेटचा नंबर असतो, तो असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर सर्वसाधारण ठोकळ्यांवरून काही कळणार नाही, विशेष तुकडे शोधा : क्रेनच्या हाताचा जाळीदार तुकडा, बुलडोझरचं फावडं, जेसीबीचा पंजा, छापलेलं काही असेल तर ते. तुकड्याच्या पोकळ बाजूला आत बारीक नंबर कोरलेला असतो, टॉर्च समोरून न मारता आडवा मारा म्हणजे सावली पडून वाचता येतो. दोन बाय चारच्या ठोकळ्यात (म्हणजे वर दोन ओळींत चार-चार बटणं, ते गोल उंचवटे) ३००१, दोन बाय दोनमध्ये ३००३, दोन बाय चारच्या चपट्या पट्टीत ३०२०. त्या विशेष तुकड्याचा नंबर ब्रिकलिंक किंवा रिब्रिकेबल या लेगोच्या तुकड्यांच्या वेबसाइटवर टाकला की तो कुठल्या कुठल्या सेटात होता त्याची यादी येते, मग चित्रं बघून ओळखायचं, बहुतेकदा दहा मिनिटांत "हाच तो!" होतं. सेट मिळाला की त्यातल्या सगळ्या तुकड्यांची यादी तिथेच असते. पुस्तिका हरवली असेल तर १९९६ नंतरच्या बऱ्याच पुस्तिका कंपनीच्या साइटवर फुकट आहेत, त्याआधीच्या लोकांनी स्कॅन करून ठेवलेल्या सापडतात.

यादी वहीत उतरवा आणि मोजा. कच्चं मोजलं तरी चालेल, पण आधी मोजा. धुताना तुकडे हरवतात, मोरीच्या जाळीतून जातात, मांजर पळवते, आणि मग हा तुकडा आधीपासून नव्हता की काल गेला हेच कळत नाही. आतेभावाचं हेच झालं.

याच वेळी देशी ठोकळे वेगळे काढा. आपल्या पिढीच्या डब्यात भेसळ असतेच, एक सेट बाहेरून आलेला आणि त्यात आमच्या रानीपुऱ्याच्या बाजारातून आणलेले लोकल ब्लॉक्स मिसळलेले. ओळखायची खूण सोपी आहे, लेगोच्या प्रत्येक बटणावर कंपनीचं नाव उठावदार अक्षरात असतं, नखाला लागतं. लोकलवर नसतं. ते टाकून द्या असं मी म्हणत नाही, माझ्या आठवणी त्यांच्याशी पण आहेत, पण ते क्रेनमध्ये घुसवले की कुठे घट्ट कुठे सैल बसतात आणि घट्ट बसलेला लोकल ठोकळा शेजारच्या ओरिजनलला चीर पाडू शकतो.

## पायरी ३ : जे पाण्यात जाणार नाही ते वेगळं करा

सगळ्यात जास्त वाटोळं इथेच होतं म्हणून सावकाश वाचा.

मोटर, सेलचा डबा, वायर, लाइट : पाणी अजिबात नाही. कोरड्या ब्रशने झाडायचं. सेलचा डबा उघडा, आत जुने सेल फुटलेले असणारच. अल्कलाइन सेल असेल तर पांढऱ्या भुकटीवर कापसाच्या काडीने जरासं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून पुसा. साधा स्वस्तातला झिंकचा सेल असेल, नव्वदीत आपल्याकडे तेच असायचे, तर त्याची गळती आम्लाकडे झुकते, तिथे खायच्या सोड्याचं पाणी. उलटं केलं तर उपयोग नाही. नंतर ओल्या काडीने पुसून पूर्ण कोरडं करा. हातमोजे घाला.

स्टिकर लागलेले तुकडे : भिजवायचे नाहीत. ओलसर फडक्याने फक्त स्टिकर नसलेल्या बाजू पुसा. कडा सुटली असेल तर सेलोटेप लावू नका, ती पिवळी पडून खालचं पण घेऊन जाते.

लोखंडी पिनेची चाकं : जुन्या छोट्या चाकांच्या मध्ये धातूची पिन असते. पाण्यात गेलं की गंज.

दोरा : काढून वेगळा ठेवा, पण काढायच्या आधी तो रिळावर कुठून कसा गेलाय याचा फोटो.

टायर : चाकांवरून काढा, वेगळे धुवा. वर्षानुवर्षं एकाच जागी प्लास्टिकला टेकून राहिलेलं रबर कधीकधी प्लास्टिकला चिकटतं, डाग पाडतं किंवा तिथे खळगा करतं. टायर ओढून निघत नसेल तर कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवून बोटांनी हळूहळू गोल फिरवत काढा, स्क्रू ड्रायव्हर घालून नाही.

पारदर्शक काचा, केबिनच्या खिडक्या : धुवायच्या, पण स्वतंत्र वाटीत. बाकी ठोकळ्यांबरोबर जाळीत खळखळवल्या की ओरखडे पडून धुरकट होतात आणि मग त्याला काही इलाज नाही.

सावध : अडकलेल्या दोन पट्ट्या दाताने सोडवू नका, सुरीने तर नाहीच नाही. दाताचे व्रण कायमचे राहतात, माझ्या जवळपास प्रत्येक चपट्या पट्टीवर माझे सात वर्षांचे दात आहेत. वरच्या पट्टीला वरून एक मोठा ठोकळा लावा, खालच्या पट्टीला खालून एक, दोन्ही पकडून विरुद्ध बाजूंना तिरकं करा, सुटतात.

## पायरी ४ : धुणं

पाणी कोमट, ४० अंशाच्या वर नाही, कंपनी स्वतः हेच सांगते. हात घालून आरामात ठेवता आला पाहिजे. गिझरचं सरळ पाणी नको, वॉशिंग मशीन नको, उकळणं तर विसराच. ठोकळा वितळणार नाही, पण चपट्या लांब पट्ट्या किंचित वाकतात, आणि क्रेनच्या हातात दोन वाकड्या पट्ट्या आल्या की हात एका बाजूला झुकतो.

टबात थोडं लिक्विड, तुकडे घाला, एक-दोन तास राहू द्या. मग मूठमूठ काढून ब्रशने, बटणांच्या मधल्या गल्ल्या आणि खालच्या नळ्या. कंटाळवाणं आहे, गाणी लावा. मळकट चिकट डाग असेल तर खोडरबर घासून बघा, बऱ्याचदा निघतो. जुन्या सेलोटेपचा गोंद असेल तर खोबरेल तेलाचं बोट, दोन मिनिटं, आणि लगेच साबणाने धुवा.

शेवटचं खळबळणं नळाच्या (आमच्याकडे नर्मदेच्या) पाण्यात करा. आमच्याकडे बऱ्याच कॉलन्यांत बोरिंगचं पाणी आहे, ते इतकं जड की वाळल्यावर काळ्या ठोकळ्यांवर पांढरे ठिपके राहतात आणि मग लोक म्हणतात प्लास्टिक खराब झालं. प्लास्टिकला काही झालेलं नाही, क्षार आहेत. बोरिंगशिवाय पर्याय नसेल तर शेवटचं पाणी आरओचं, एक बादली पुरते.

## पायरी ५ : वाळवणं

जाळीच्या पिशवीत घालून बाल्कनीत उभं राहून गोल फिरवा, आतलं बरंच पाणी उडतं (खालून कोण जातंय ते बघा, मी शेजारच्या काकांना आंघोळ घातलीये). मग चादरीवर पसरा, बटणं वर, पोकळ बाजू खाली, म्हणजे नळ्यांतलं पाणी कापडात उतरतं. उलटं ठेवलं की प्रत्येक ठोकळा म्हणजे एक छोटी वाटीच, पाणी आतच राहतं. पंखा लावा. ऊन नाही, हेअर ड्रायर नाही.

हिवाळ्यात, उन्हाळ्यात एक दिवस पुरतो. पावसाळ्यात दोन-तीन दिवस द्या.

तपासा : एक ठोकळा उचलून कोरड्या टिश्यूवर जोरात आपटा. डाग उमटला तर अजून वाळलेलं नाही.

## पायरी ६ : पिवळेपणा घालवायचा की नाही

हा प्रश्न सगळ्यात आधी विचारतात, खरं तर बऱ्याच जणांनी ही पायरी सोडूनच द्यावी असं माझं मत. पांढरे, करडे आणि कधी निळे ठोकळे प्रकाशाने आणि हवेने पिवळट पडतात. क्रेन मुळात पिवळी असेल तर तिच्यावर ते दिसतसुद्धा नाही. आणि उजळवलेला रंग काही वर्षांनी परत पिवळा पडू शकतो.

तरी करायचंच असेल तर :

मेडिकलमध्ये किंवा दवा बाजारात ६ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं, बाटलीवर २० व्हॉल्यूम लिहिलेलं असतं. यापेक्षा तीव्र घेऊ नका. रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा, मुलं लांब. काचेच्या पसरट भांड्यात फक्त पांढरे आणि करडे, न छापलेले, स्टिकर नसलेले तुकडे घाला, बुडतील इतकं द्रावण ओता. धातूचं भांडं नको. तुकड्यांवर बुडबुडे जमून ते तरंगायला लागतात, आणि जो भाग बाहेर राहतो तिथे पट्टा उमटतो, म्हणून वरून काचेची बशी ठेवून दाबा आणि दर तासाला हलवा. भांडं झाका पण घट्ट बंद करू नका, आत वायू तयार होतो.

चार ते सहा तास उन्हात. पण कुठल्या उन्हात? माझा घोटाळा इथे झाला. मे महिन्यात दुपारी बारा वाजता गच्चीवर ठेवलं आणि खाली येऊन झोपलो. माळव्यातलं मेचं ऊन, वर गच्चीची फरशी तापलेली, द्रावणात बोट घालवेना. करड्या पट्ट्यांवर खडूसारखे पांढरे ढग उमटले, ते आजही आहेत. डिसेंबर-जानेवारीचं किंवा सकाळचं आठ ते अकराचं ऊन घ्या, लागलं तर दोन दिवसांत विभागून करा, आणि थोडं पिवळं राहिलं असतानाच थांबा. मग भरपूर पाण्याने धुवा.

आधी एकच तुकडा करून बघा. फालतूतला.

## पायरी ७ : वर्गवारी आणि दुसरी मोजणी

सगळे रंगाप्रमाणे ढीग करतात. दिसायला छान दिसतं, कामाला शून्य. पिवळ्या ढिगात पिवळी एक बाय दोन पट्टी शोधायला डोळे फुटतात. आकाराप्रमाणे लावा, एका वाटीत सगळ्या एक बाय दोन पट्ट्या, मग त्यातली लाल कुठली ते नजरेला आपोआप दिसतं. बिजागऱ्या, दांडे, गिअर, काचा यांना मसाल्याचा डबा.

आता यादी घेऊन पक्कं मोजा. उणे किती ते लाल पेनाने.

## पायरी ८ : उणे तुकडे मागवताना

करड्या रंगाची गोची सगळ्यांनाच नडते. २००३-०४ च्या सुमारास लेगोने करडा रंग बदलला. जुना करडा जरा उबदार, मातकट होता, नवीन निळसर झाक असलेला. क्रेनचा हात, जाळ्या, तबकडी हे सगळं बहुतेक करडंच असतं, आणि नवीन करड्याचे दोन तुकडे मध्ये आले की पांढऱ्या शर्टाला निळं ठिगळ लावल्यासारखं दिसतं. साइटवर "लाइट ग्रे" आणि "लाइट ब्लुइश ग्रे" असे दोन वेगळे पर्याय असतात, "ब्लुइश" शब्द दिसला की थांबा. चॉकलेटी रंगाचं पण त्याच काळात असंच झालं.

दुसरं म्हणजे पाच रुपयांच्या तुकड्याला पोस्टाचा खर्च हजारात जातो, वर कस्टम. यादी पूर्ण झाल्याशिवाय एक तुकडाही मागवू नका, आणि ज्या विक्रेत्याकडे यादीतलं सगळ्यात जास्त सापडेल त्याच्याकडूनच एकदम घ्या. कुणाचा मुलगा-सून बाहेरून येणार असतील तर त्यांच्या पत्त्यावर पाठवा, मूठभर ठोकळ्यांना बॅगेत जागा होते. जे तुकडे आत लपतात ते कुठल्याही रंगाचे चालतात, तिथे शुद्धतेचा हट्ट धरून पैसे घालवू नका. एका उंच ठोकळ्याच्या जागी तीन चपट्या पट्ट्या पण चालतात, उंची बरोबर तितकीच होते, ठोकळा ९.६ मिलिमीटर आणि पट्टी ३.२.

## पायरी ९ : जोडणी

जुन्या पुस्तिकांत प्रत्येक पायरीला कुठले तुकडे लागतात ते छापलेलं नसायचं, आधीचं चित्र आणि पुढचं चित्र बघून फरक ओळखायचा. लहानपणी डोळे तीक्ष्ण होते, आता मागच्या बाजूची एक पट्टी हमखास निसटते. म्हणून प्रत्येक पायरीनंतर चित्रातली बटणं बोटाने मोजा. माझी भाची नऊ वर्षांची आहे, तिला शेजारी बसवलं होतं, "मामा, इथे तीन दिसतायत, तुझी दोनच आहेत," असं तिने चार वेळा पकडलं.

चेसिस कडक सपाट टेबलावर जोडा, गादीवर किंवा सतरंजीवर नाही, दाब नीट बसत नाही आणि मध्ये केसाएवढी फट राहते. चेसिस झाली की चारही चाकं टेकतात का बघा आणि मगच तबकडी चढवा. वजनाचा मागचा ठोकळा क्रेनचा हात लावायच्या आधी, नाहीतर क्रेन तोंडावर पडते आणि तासाभराचं काम सुटं होतं.

दोरा शेवटी. मूळ दोरा कुजला असेल तर जाड सुती दोरा घ्या, नायलॉन घसरतो आणि गाठ सुटते. लांबी काढायला क्रेनचा हात पूर्ण वर करा, हूक जमिनीला टेकवा, आणि त्यावर रिळाला चार वेढे बसतील इतका जास्त ठेवा, कमी ठेवला तर हूक जमिनीला टेकायच्या आधीच दोरा संपतो आणि गाठीवर ताण येतो. टोकाला मेणबत्तीचं मेण चोळा, ओवायला सोपं जातं. हँडल फिरवून बघा, हूक वर जायला हवा तेव्हा खाली येत असेल तर दोरा रिळावर उलट्या बाजूने गेलाय.

तपासा : हुकाला दोन बाय चारचा एक ठोकळा लावून वर-खाली करा, तबकडी पूर्ण गोल फिरवा. कुठे कट्ट आवाज आला तर जोर लावू नका, तिथे पट्टी पूर्ण बसलेली नाही.

## पायरी १० : ठेवायचं कुठे

माळ्यावर परत नाही. पत्र्याखालच्या माळ्यावर तर अजिबात नाही. उन्हाची तिरीप येत नाही असं कपाटाचं खालचं शेल्फ, पुढे काच. हूक खाली टेकवून दोरा सैल ठेवा आणि क्रेनचा हात खाली घेऊन ठेवा, उंच उभारून महिनोन्महिने ठेवला की बिजागऱ्या ढिल्या होतात. उरलेल्या तुकड्यांच्या पिशव्यांना रबर बँड लावू नका, वितळून चिकटतात. सेल काढून ठेवा. पुस्तिकेला कसर लागते, ती स्कॅन करून प्लास्टिक फोल्डरमध्ये, सोबत कडुलिंबाची वाळलेली पाच-सात पानं.

आणि तीन वर्षांखालचं पोर घरात येणार असेल त्या दिवशी कपाटाला कुलूप.